हिशेब मागायचा हक्क: वऱ्हाडच्या गहाणखतापासून गाडीच्या हप्त्यापर्यंत

पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा, पण गाडी घ्यायचं मनात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या मलकापुरात एक प्रश्न चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या आवारापर्यंत ऐकू येतो. "भाऊ, सिबिल बिघडलं हाये, गाडी होईन का?" विचारणारा कुणीही असू शकतो. पीककर्ज थकलेला शेतकरी, मित्राला जामीन राहून अडकलेला मास्तर, किंवा आयुष्यात एक रुपयाचं कर्ज न घेतलेला पोरगा, ज्याला जुनी बोलेरो घेऊन भाड्यानं चालवायची आहे. त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं. "होईन ना. फक्त व्याज जरा जास्त पडेल."

त्या "जरा" या शब्दानं आपल्या भागात किती घरं बसवली आणि किती उठवली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पत नसलेल्याला कर्ज मिळत नाही, असं आपण म्हणतो. इतिहास तसं सांगत नाही. पत नसलेल्याला कर्ज कायम मिळत आलंय. सावकारानं दिलं, अडत्यानं दिलं, फायनान्सवाल्यानं दिलं. खरा प्रश्न प्रत्येक वेळी वेगळाच होता. कर्जाची वही कुणाच्या हातात, आणि ती बघायचा हक्क कर्ज घेणाऱ्याला आहे की नाही?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही. आपला अख्खा वऱ्हाडच एकेकाळी कर्जापोटी गेला होता.

निजामाच्या राज्यात वऱ्हाड होता तेव्हा सरकारची तिजोरी कायम रिकामी. मुंबईच्या पारशी पेढ्यांपैकी पेस्तनजींच्या पेढीनं निजाम सरकारला मोठमोठी कर्जं दिली आणि त्याबदल्यात वऱ्हाडातल्या मुलखाचा महसूल तारण म्हणून घेतला. हीच मंडळी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारात नेणाऱ्यांतली. पुढं निजामानं तो मुलूख त्यांच्याकडून काढून घेतला आणि पेढी बुडाली. म्हणजे कर्ज देणाराही बुडतो, हा धडा आपल्या मातीत दोनशे वर्षांपूर्वीपासूनचा आहे.

त्याहून मोठा सावकार होता ईस्ट इंडिया कंपनी. निजामाच्या नावानं, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट. तिचा पगार निजामानं द्यायचा. पगार थकला की इंग्रज तो आपल्या खिशातून द्यायचे आणि निजामाच्या नावावर लिहायचे. आकडा फुगत गेला. १८५३ साली डलहौसीच्या काळात तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. कागदावर मालक निजामच. ताबा इंग्रजांचा. खर्च वजा जाता उरलेले पैसे निजामाला परत द्यायचे आणि दरवर्षी हिशेब दाखवायचा, असं ठरलं होतं.

१८६० मध्ये नवा तह झाला. इंग्रजांनी ५० लाखांचं कर्ज माफ केलं, धाराशिव आणि रायचूर परत दिलं. निजाम खूश. पण त्याच तहात आणखी एक अट होती. वऱ्हाडचा हिशेब निजामानं यापुढं मागायचा नाही. उरलेली रक्कम इंग्रज देतील ती घ्यायची. १९०२ मध्ये कर्झननं वऱ्हाड वर्षाला २५ लाखांच्या खंडानं कायमचा भाडेपट्ट्यावर घेतला आणि लगेच तो मध्य प्रांताला जोडला गेला. वऱ्हाड निजामाच्या हातून १९०२ ला गेला, असं आपण वाचतो. माझ्या मते तो १८६० ला गेला. ज्या दिवशी हिशेब मागायचा हक्क सोडला त्या दिवशी.

राजाचं हे झालं, तर रयतेचं काय होत असेल?

१८६० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे भुसावळकडून आपल्या मलकापुरावरून पुढं सरकली आणि १८६७ ला नागपुराला पोचली. कापसाला थेट मुंबईची पेठ मिळाली. जिनिंग आले, अडते आले, व्यापारी पेढ्या आल्या. कापूस वाढला तशी उचलही वाढली. बी-बियाण्याला उचल, लग्नाला उचल, बैलजोडीला उचल. बैलगाडी ही त्या काळातली बोलेरो. तिच्यावर शेतमाल, तिच्यावर वऱ्हाड, तिच्यावर दवाखाना. बैल घ्यायचा तर रोख कुणाकडं होती? सावकाराकडून घ्यायचे आणि कापूस आला की फेडायचे.

सावकाराचं एक मात्र होतं, तो माणूस ओळखायचा. कुणाचं शेत काळं, कुणाचं मुरमाड, कुणाचा पोरगा जुगारी, कुणाची बायको कष्टाळू, हे सगळं त्याला पाठ. आजच्या भाषेत सिबिल त्याच्या डोक्यात होतं. म्हणूनच ज्याला कुठंच उभं केलं जात नव्हतं त्यालाही तो पैसे द्यायचा. पण वही त्याच्या घरात, लिपी त्याची, बेरीज त्याची. कर्जदारानं अंगठा उमटवायचा. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता, की एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. त्यावर तोडगा सोपा होता. थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा कागद करायचा. नवा कागद, नवं मुद्दल, मीटर पुन्हा शून्यापासून.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. पुढं पुणे-नगर भागात दंगे पसरले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या दंग्यांमध्ये लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, कर्जरोखे. कागद ताब्यात घ्यायचे आणि जाळायचे. ज्या कागदावर काय लिहिलंय हे आपल्याला कळत नाही आणि कुणी दाखवतही नाही, तो कागद माणूस शेवटी जाळतो.

सरकारलाही ते उमगलं. १८७९ चा दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी आला. त्यात कोर्टाला कर्जरोख्याच्या मागं जाऊन मुळापासून हिशेब तपासायचा अधिकार मिळाला. पैसे भरले की पावती, वर्षाला हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागायचा हक्क कर्जदाराला मिळाला. आपल्याकडं मध्य प्रांत-वऱ्हाडचा सावकारी कायदा आला तो १९३४ चा. त्यातही मुख्य गोष्ट तीच, सावकारानं हिशेब ठेवायचा आणि कर्जदाराला द्यायचा.

कायदे झाले, पण पैसा द्यायला दुसरं दार नव्हतं. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा होऊन अर्धं शतक उलटल्यावर गोरवाला समितीनं देशभर पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ ला आला. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यानं घेतलेल्या दर शंभर रुपयांतले सुमारे ७० रुपये सावकाराचे होते. सहकारी संस्थांचे जेमतेम ३. बँकांचा तर १ रुपयाही पुरा नव्हता. नियम चांगला, दार बंद. मग माणूस मागच्या दारानंच जातो.

आता मोटारीकडं येऊ.

बैल तारण ठेवणं अवघड. तो मरतो, म्हातारा होतो. मोटारीचं तसं नव्हतं. तिला नंबर होता, इंजिनवर आकडा होता, आणि सरकारी दप्तरात तिची नोंद होती. म्हणून मोटारीबरोबर कर्जाचा नवा प्रकार आला. हायर पर्चेस, म्हणजे आपल्या भाषेत हप्त्यावरची गाडी. कायद्यानं बघितलं तर शेवटचा हप्ता भरेपर्यंत गाडी फायनान्सवाल्याची, तुम्ही भाडेकरू. शेवटचा हप्ता भरला की नाममात्र रकमेत गाडी तुमची. यात माणसाची पत फारशी बघायची गरज उरली नाही. हप्ता चुकला की गाडी घेऊन जायची, ती होतीच त्याची. माणूस जामीनदार आणायचा, पण खरी जामीन गाडीच.

हा धंदा दक्षिणेत जोरात वाढला. मद्रासला १९५४ साली सुंदरम फायनान्स सुरू झाली, ट्रक आणि बससाठी. पण ती पत असलेल्या, नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाची गोष्ट. जुन्या ट्रकचा ड्रायव्हर ज्याला मालक व्हायचंय, ज्याच्याकडं ना शेत ना घर ना कागद, त्याला कोण विचारणार? त्याला खाजगी फायनान्सर होता, आणि त्याचं व्याज सावकारालाही लाजवेल असं. आर. त्यागराजन नावाच्या माणसानं हे हेरलं. चिट फंडातून सुरुवात केलेल्या श्रीराम समूहानं १९७९ मध्ये श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स काढली आणि नेमकं याच माणसाला जुन्या ट्रकसाठी कर्ज द्यायला सुरुवात केली. ट्रक रोज चालतो, रोज भाडं कमावतो, म्हणजे हप्ता फेडू शकतो. माणसाचे कागद नसले तरी त्याची कमाई खरी आहे, एवढा साधा हिशेब. कंपनी देशातली मोठी वाहन फायनान्स कंपनी झाली आणि त्यागराजन यांना २०१३ ला पद्मभूषण मिळालं. कागद नसलेला माणूस पैसे बुडवतोच असं नाही, हे या देशात असं सिद्ध झालं.

आपलं मलकापूर जुन्या सहा नंबरच्या हायवेवरचं, आताचा तो ५३. सुरत-धुळ्याकडून नागपूर-कलकत्त्याकडं जाणारा माल इथून गेला. ट्रकवर क्लीनर म्हणून चढलेला पोरगा पुढं ड्रायव्हर आणि मग हप्त्याच्या ट्रकचा मालक झाला, असं या रस्त्यावर खूप घडलं. ज्याला बँकेत खुर्ची मिळाली नसती त्याला फायनान्सनं मालक केलं, हे मान्यच केलं पाहिजे.

पण हिशेबाचं काय? १९७२ ला संसदेनं हायर पर्चेस कायदा मंजूर केला. रोख किंमत किती, हप्त्यातली किंमत किती, हे लेखी सांगायचं. कराराची प्रत द्यायची. ठराविक हिस्सा फेडून झाला असेल तर कोर्टाशिवाय गाडी ओढायची नाही. हप्ते भरणाऱ्याला पाहिजे ते बरंचसं त्यात होतं. हा कायदा पुस्तकात तेहतीस वर्षं पडून राहिला, अमलात कधीच आला नाही. २००५ ला तो रद्दच करून टाकला.

त्याउलट फायनान्सवाल्याचं संरक्षण करणारी नोंद मात्र पक्की झाली. आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणं आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव चढतं. आपण त्याला "एचपी चढवणं" म्हणतो. कर्ज फिटलं की कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बुलढाण्याच्या आरटीओत "एचपी उतरवावी" लागते. ती उतरली नाही तर गाडी विकता येत नाही. आणि गंमत बघा, याच कायद्यानं करार असलेल्या गाडीचा "मालक" म्हणून हप्ता भरणारा, गाडी ताब्यात असलेला माणूसच धरलाय. चलन त्याचं, अपघाताची जबाबदारी त्याची. मालकीचं ओझं तुमच्याकडं, मालकीची चावी त्यांच्याकडं. १८५३ च्या तहाची आठवण होते की नाही?

बँकांचं काय चाललं होतं? १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँक तालुक्याला, गावाला आली. ट्रॅक्टरला, मोटारपंपाला कर्ज मिळू लागलं, सातबाऱ्यावर बोजा चढवून. चारचाकी ही मात्र चैन समजली जायची. तशीही गाडी मिळतच नव्हती. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची तो काळ. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हळूहळू मध्यमवर्गाला गाडीचं स्वप्न पडू लागलं. १९९१ नंतर फायनान्स कंपन्या वाढल्या आणि तालुक्याच्या गावात पोचल्या. आपल्या भागातल्या काळी-पिवळ्या, जीपा, मग २००० ची बोलेरो, २००५ चा टाटा एस म्हणजे छोटा हत्ती, यातल्या बऱ्याच गाड्या अशाच फायनान्सवर फिरल्या. फायनान्सचा पोरगा घरी यायचा, शेत बघायचा, शेजाऱ्याला विचारायचा, कापूस निघाल्यावर मोठा हप्ता ठेवायचा. म्हणजे जुन्या सावकारासारखीच माणसाची पारख, फक्त हातात छापील पावतीपुस्तक.

मग आलं सिबिल.

२००० साली ही कंपनी स्थापन झाली, २००४ पासून माणसांच्या कर्जाची नोंद देऊ लागली आणि २००५ ला त्यासाठी वेगळा कायदा झाला. आता अशा चार कंपन्या आहेत, पण आपल्या तोंडी सगळ्यांना एकच नाव. स्कोअर ३०० ते ९००. ही कंपनी कर्ज देत नाही आणि नाकारतही नाही. तुम्ही कुठं किती घेतलं, हप्ता किती दिवस चुकला, एवढी नोंद ती ठेवते. सावकाराच्या डोक्यातली वही देशभराच्या संगणकात गेली, असं समजा.

यात एक मोठा फायदा झाला. गावातल्या एका माणसाच्या मर्जीवर तुमची पत राहिली नाही. जात, गाव, भांडण, गट काही बघितलं जात नाही. पण तोटाही तिथंच आहे. सावकाराला मुरमाड शेत दिसायचं, या वहीला दुष्काळ दिसत नाही. तिला फक्त "हप्ता चुकला" एवढं दिसतं. भिशीचा एकही हप्ता न चुकवणारी बाई, अडत्याची उचल दर हंगामात चुकती करणारा शेतकरी, किराण्याची उधारी महिन्याच्या महिन्याला फेडणारा मजूर, यांचा प्रामाणिकपणा या वहीत कुठंच नाही. तिच्या लेखी ते कोरे.

विदर्भात आणखी एक भानगड आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले योजना. प्रत्येक निवडणुकीच्या आधी आणि नंतर माफीची चर्चा. माणूस आज भरू की उद्या माफ होईल या विचारात थांबतो. तो थांबतो, वही थांबत नाही. पीककर्ज थकीत दिसायला लागतं आणि दोन वर्षांनी त्याचाच पोरगा बापाला सहकर्जदार घेऊन पिकअपसाठी अर्ज करतो तेव्हा बँक मान हलवते. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं. चांगलं केलं. गाडीच्या कर्जाला मात्र ती सवलत नाही.

जामीनदाराचंही तसंच. जामिनाची सही ही आपल्याकडं नात्याची गोष्ट. मेव्हणा म्हणाला म्हणून केली. पण मुख्य कर्जदारानं बुडवलं की डाग जामीनदाराच्या नोंदीवरही येतो. गाडी घ्यायला गेल्यावर त्याला कळतं की आपण नकळत थकबाकीदार आहोत.

कुणी म्हणेल, मग आपली गावची बँक बरी होती, माणूस ओळखायची. ओळख ही गोष्ट मोलाची आहे, आपल्या जिल्ह्यानं ती बघितलीय. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी उभी केलेली बुलढाणा अर्बन कुठच्या कुठं गेली. शेतमाल गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज, हे तिनं गावोगाव नेलं. तिथं स्कोअरआधी माल बोलतो. पण नुसती ओळख पुरत नाही, हेही मलकापूरनंच बघितलं. २४ नोव्हेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं आपल्या मलकापूर अर्बन बँकेवर निर्बंध लावले, खात्यातून फक्त १०,००० रुपये काढता येणार होते. जुलै २०२३ मध्ये परवानाच रद्द झाला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं कवच होतं म्हणून बऱ्याच जणांचा जीव वाचला. त्या दिवसांत शहरात काय वातावरण होतं ते तुम्हाला सांगायला नको. आपली माणसं, आपली बँक, म्हणून आपण ठेवीदार तरी कधी ताळेबंद मागितला होता? हिशेब मागणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडं समजतात. ते मनातून काढलं पाहिजे.

आता आज ज्याचा स्कोअर पडलाय किंवा नाहीच, तो काय करतो? दोन रस्ते सर्रास दिसतात.

पहिला, स्टॅम्पपेपरवर चालू हप्त्याची गाडी. मूळ मालकाला हप्ते झेपत नाहीत, तो काही रक्कम घेऊन गाडी आणि उरलेले हप्ते दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. आरसी पहिल्याच्याच नावावर. ६ फेब्रुवारी २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय, की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची. म्हणजे विकणारा मोकळा होत नाही. घेणाराही मालक होत नाही. तो इमानदारीनं हप्ते भरतो आणि स्कोअर सुधारतो पहिल्याचा. मधेच पहिल्याची नियत फिरली तर स्टॅम्प घेऊन कोर्टाच्या पायऱ्या.

दुसरा रस्ता, जास्त व्याजाचा फायनान्स. यात "जरा जास्त" चा हिशेब मांडू. समजा, जुन्या गाडीला ३ लाख कर्ज, ३ वर्षं, व्याज "फक्त १२ टक्के फ्लॅट". तीन वर्षांचं व्याज १,०८,००० रुपये. एकूण ४,०८,०००. हप्ता ११,३३३. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या ३ लाखांवर. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर सुमारे २१ टक्के पडतो. वर प्रोसेसिंग फी, विमा, कागदपत्रांचा खर्च. बँकेचे ११ टक्के आणि याचे १२, एका टक्क्याचा फरक आहे, असं समजून माणूस सही करतो. खरा फरक दहा टक्क्यांचा असतो.

आणि हप्ता चुकला तर? रस्त्यात गाडी अडवणारी पोरं आपण बघितली आहेत. २००७ च्या प्रकाश कौर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की वसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, कायद्याच्या मार्गानं जा. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागला ट्रॅक्टरच्या वसुलीत एका गरोदर बाईचा चिरडून जीव गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेला एका मोठ्या कंपनीला बाहेरचे वसुली एजंट वापरायची काही महिने बंदी घालावी लागली. गाडी ओढून लिलावात विकली आणि कर्जाएवढे पैसे आले नाहीत, तर उरलेली बाकी तुमच्याच नावावर राहते. गाडीही गेली, कर्जही राहिलं, स्कोअरही गेला.

पण आज एक गोष्ट वेगळी आहे. १८७९ ला जे चार जिल्ह्यांपुरतं मिळालं आणि १९७२ ला कागदावरच राहिलं, त्यातलं बरंचसं आता आपल्या हातात आहे. फक्त मागावं लागतं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक बँकेनं आणि फायनान्स कंपनीनं असं कर्ज देताना एक तक्ता द्यायचा आहे, की फॅक्ट स्टेटमेंट. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहावा लागतो. सहीच्या आधी मागा. तो फ्लॅटवाला १२ तिथं २१-२२ म्हणूनच दिसेल. तक्त्यात नसलेला खर्च नंतर तुमच्या परवानगीशिवाय लावता येत नाही.

स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट २०१७ पासून दर कंपनीकडून वर्षाला एकदा फुकट मिळतो. गाडी बघायला जायच्या आधी तो काढा. फिटलेलं कर्ज चालू दिसतंय का, "सेटल्ड" लिहिलंय का, जामिनाची भानगड आहे का ते बघा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. जुनी छोटी थकबाकी असेल तर पूर्ण भरून "नो ड्यूज" घ्या. तडजोडीत थोडे पैसे वाचतात, पण "सेटल्ड" चा शिक्का पुढच्या कर्जाला आडवा येतो.

आणि ज्यानं कधीच कर्ज घेतलं नाही त्यानं तर घाबरूच नये. रिझर्व्ह बँकेनं किमान स्कोअर असा ठरवून दिलेला नाही, आणि केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये असं बँकांना सांगितलेलं आहे, हे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत सांगितलं. काउंटरवर "सिबिल नाही, होणार नाही" असं उत्तर मिळालं तर नकाराचं कारण लेखी मागा. बऱ्याचदा लेखी मागितलं की आवाज खाली येतो.

वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. चुकलेल्या हप्त्यावर दंड लागतो, पण तो मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज चढवायला आता मनाई आहे. सावकाराच्या त्या जुन्या "नवा कागद" वाल्या युक्तीला निदान दंडापुरता तरी शेवटी नियमानं आळा बसला, दीडशे वर्षांनी.

मी काही कर्ज घेऊ नका म्हणणारा माणूस नाही. गाडीनं आपल्या भागातली कितीतरी घरं वर आली. मोताळ्याच्या, नांदुऱ्याच्या खेड्यातला पोरगा छोटा हत्ती घेऊन मंडईचा माल वाहतो, बहिणीचं लग्न करतो, हे कर्जाशिवाय झालं नसतं. त्याची पत कागदावर नसली तरी त्याच्या कष्टात आहे, आणि कुणीतरी त्यावर विश्वास ठेवला म्हणून तो उभा राहिला.

एवढंच सांगणं आहे की शोरूममध्ये पेढा खाण्याआधी, हार घालून फोटो काढण्याआधी, तो तक्ता मागा. कराराची प्रत मागा. दर वर्षी खात्याचा उतारा मागा. शेवटचा हप्ता भरला की एनओसी घेऊन एचपी उतरवा. देणारा म्हणेल, "काय दादा, विश्वास नाही का?" त्याला हसून सांगा, विश्वास आहे, हिशेबही पाहिजे. निजामाला ५० लाख माफ झाल्याच्या आनंदात हे मागायचं राहून गेलं होतं.